सात पौंड हवा

गाडीला घरच्या घरी टर्बो बसवलाय म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, ‘हॉर्सपॉवर किती वाढली?’ प्रश्न रास्त आहे, पण काम चालू असताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. गॅरेजमध्ये मला छळत होता तो प्रश्न वेगळा होता. वाढलेली उष्णता जाणार कुठे? चार सिलिंडरांत आता पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोल जळणार. त्यातली फार तर तिसरा हिस्सा ऊर्जा चाकांपर्यंत पोचेल. बाकीची सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून, तेलातून आणि बॉनेटच्या पत्र्यातून बाहेर पडायची धडपड करणार. तिला आपण वाट काढून दिली नाही, तर ती स्वतः वाट शोधते आणि ती वाट बहुधा एखाद्या गॅस्केटमधून किंवा पिस्टनच्या कडेतून जाते.

माझी गाडी माझ्दाची मियाटा, १९९२ची. दोनच माणसांची, उघड्या टपाची. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात हे मॉडेल पहिल्यांदा लोकांपुढे आलं. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आत, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद. सरळ रस्त्यावर आजची साधी फॅमिली कारसुद्धा हिला मागे टाकेल. वळणावर मात्र स्टिअरिंग जरासं फिरवलं की गाडी मनातलं ओळखल्यासारखी वळते. हा हलकेपणा घालवायचा नव्हता. म्हणून मोठं इंजिन बसवायचा पर्याय मी पहिल्यापासून बाजूला ठेवला. टर्बो, पाइप, इंटरकूलर सगळं धरून वजन थोडंच वाढतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती महत्त्वाची आहे. अमेरिकेत रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेत फेरफार करायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. मी राहते त्या मिशिगनमध्ये खाजगी गाड्यांची दरवर्षी तपासणी होत नाही, पण म्हणून कायदा बदलत नाही. माझी मियाटा आता फक्त ट्रॅकवर धावते आणि तिथपर्यंत ट्रेलरवरून जाते.

आता हवेचा हिशोब. चार स्ट्रोकचं १.६ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं, म्हणजे एका फेरीत ०.८ लिटर. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर ४,८०० लिटर, सेकंदाला ८० लिटर हवा. पेट्रोल हवं तितकं ओतता येतं, पण ते जाळायला हवा लागते, आणि साध्या इंजिनला वातावरण ढकलेल तेवढीच हवा मिळते. वातावरणाचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. टर्बोने त्यावर आणखी सात पौंड, म्हणजे सात पौंडांचा बूस्ट, चढवला की दाब जवळजवळ दीडपट होतो.

पण दीडपट दाब म्हणजे दीडपट हवा असं होत नाही, आणि सगळं काम इथूनच सुरू होतं. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना नळकांडं हाताला चटका देतं ते याचसाठी. २७ अंशांची हवा सात पौंडांनी दाबली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर ती ८० अंशांच्या पुढे जाते. तापलेली हवा विरळ. त्यामुळे प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये पाव हिस्साच जास्त हवा शिरते. मध्ये चांगला इंटरकूलर बसवून तीच हवा चाळीस-बेचाळीस अंशांवर आणली, तर वाढ चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. दाब तोच, टर्बो तोच, फक्त उष्णता बाहेर काढली. म्हणून माझं ठाम मत आहे, पैसे मोजकेच असतील तर टर्बो जुना घ्यावा आणि इंटरकूलर चांगला घ्यावा.

मी तसंच केलं. टर्बो स्क्रॅप यार्डातल्या एका जुन्या व्होल्वोचा, मित्सुबिशीच्या टीडी०४ घराण्यातला. शाफ्टला बोटाने हलवून पाहिलं. आडवी ढिलाई किंचित होती, तेलाच्या फिल्मवर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये ती असायलाच हवी. पुढेमागे ढिलाई अजिबात नव्हती आणि कंप्रेसरच्या पात्यांच्या कडा शाबूत होत्या. एवढं पाहून घेतला.

टर्बोची कल्पना मुळात फार जुनी. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९१८मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी विमान इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर, १४,००० फुटांपेक्षा जास्त उंचीवर नेलं आणि तिथल्या विरळ हवेतही ते समुद्रसपाटीइतकी ताकद देतं हे दाखवलं. प्रवासी मोटारीत टर्बो यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षी ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअरची टर्बो आवृत्ती अशा दोन गाड्या आल्या. जेटफायरमध्ये उष्णता आवरायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारत, आणि ती टाकी मालकाने वेळोवेळी भरायची असे. टर्बोबरोबर उष्णतेचा बंदोबस्तही विकावा लागतो हे त्या इंजिनिअरांना तेव्हाच कळलं होतं.

मॅनिफोल्डवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं. इंजिनाच्या हेडमधून निघणारे चार धुराचे मार्ग एकत्र आणून टर्बोच्या तोंडाशी न्यायचे, एवढंच काम. पण पूर्ण जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा धूर आठशे-नऊशे अंशांचा असतो. तीनशे मिलिमीटरचा स्टेनलेसचा तुकडा खोलीच्या तापमानावरून आठशे अंशांवर नेला तर तो चार मिलिमीटरपेक्षा जास्त लांबतो. ज्या ॲल्युमिनियमच्या हेडला तो आवळलेला असतो, ते पाण्याने थंड केलेलं, शंभर अंशांच्या आसपासचं. ते तेवढ्याच लांबीत जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. फ्लँज हेडला चिकटलेली असल्याने पाइपांइतकी तापत नाही हे खरं. तरी एक बाजू पसरू पाहते आणि दुसरी तिला अडवते. ट्रॅकच्या प्रत्येक फेरीत हे होतं, आणि शेवटी वेल्डिंगच्या कडेला तडा जातो.

म्हणून मी स्टेनलेसचा मोह सोडला. ते दिसायला देखणं, पण साध्या पोलादापेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं. मी वाफेच्या पाइपलाइनसाठी मिळणारे सव्वा इंची जाड बेंड घेतले, साध्या पोलादाचे, शेड्यूल ४०. हेडची फ्लँज अर्धा इंच जाड पट्टीची. तिच्या दोन्ही टोकांची भोकं मुद्दाम स्टडपेक्षा मोठी ठेवली, म्हणजे तापल्यावर फ्लँजला हेडवर सरकायला जागा मिळते. मधली भोकं नेमकी. वेल्डिंगच्या वेळी फ्लँज एका निकामी हेडला घट्ट आवळून ठेवली आणि आर्गन वेल्डिंगचे टाके आलटून पालटून, या टोकाला एक आणि त्या टोकाला एक असे घातले. इतकं करूनही ती किंचित वाकतेच. शेजारी एक निवृत्त टूलमेकर राहतात, आयुष्यभर डाय बनवणाऱ्या कारखान्यात काम केलेले. त्यांच्याकडच्या ग्रॅनाइटच्या सपाट पाटावर निळी शाई लावून फ्लँज फिरवली, उंचवटे शोधले आणि कानशीने उतरवले. ते बाजूला बसून पाहत होते. कानस ढकलताना खांदा वर उचलू नको, एवढंच एकदा म्हणाले. त्यानंतर काम निम्म्या वेळात झालं.

स्टडचा विषय निघाला की टर्बो मियाटावाले सगळे गंभीर होतात, आणि ते योग्यच आहे. टर्बो मॅनिफोल्डला चार स्टडवर लटकतो. त्याचं वजन, मागे जोडलेल्या जाड पाइपचं वजन आणि चार सिलिंडरांच्या इंजिनाची बारीक थरथर, सगळं त्या चार स्टडवर येतं. साध्या मिश्र पोलादाचा स्टड पाचशे अंशांच्या पुढे गेला की हळूहळू ताणला जातो आणि आवळ कमी होते. आवळ कमी झाली की थरथर नटला फिरवायला लागते. मग गॅस्केटमधून धूर फुसफुसतो, तो धूर स्टडला आणखी तापवतो आणि चक्र वेगाने फिरू लागतं. नट आणखी जोराने आवळून हे सुटत नाही. त्याने फक्त स्टड लवकर तुटतो.

उपाय तीन दिशांनी केला. स्टड इन्कोनेलचे घेतले. निकेलवर आधारलेला हा मिश्रधातू साध्या पोलादाने मान टाकली तरी जोर धरून राहतो. प्रत्येक नटखाली कान वाकवायचे लॉक वॉशर घातले. तिसरा उपाय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: मागच्या पाइपला इंजिनाच्याच ब्लॉकवरून एक कंस दिला, म्हणजे वजन स्टडवर न येता कंसावर येतं. हा कंस चेसिसला जोडायचा नाही. इंजिन रबरी माउंटवर हलतं, चेसिस हलत नाही. दोन्हींत पाइप अडकला तर तोच तुटतो. कंसाच्या भोकाला खाच ठेवली, प्रसरणासाठी.

तेलाच्या बाबतीत माझे गुरू कोल्हापुरात आहेत. अण्णांची हयात उद्यमनगरात लेथवर गेली. ऑइल इंजिनाचे सुटे भाग त्यांनी किती केले असतील याची गणती नाही. मी लहानपणी शाळेतून परस्पर त्यांच्या शॉपमध्ये जायचे. आटे पाडायला तिथेच शिकले. टर्बोला तेल द्यायचं तर इंजिनाच्या तेलाच्या दाबाच्या मार्गावरून नळी काढावी लागते, आणि वापरलेलं तेल परत इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये सोडायला चेंबरला भोक पाडून आटे पाडावे लागतात. मियाटाचा चेंबर उतरवायचा म्हणजे पुढचा सबफ्रेम सोडवायचा. मी व्हिडिओ कॉलवर अण्णांना जागा दाखवली.

‘चेंबर उतरवायचा न्हाई म्हंतीस?’ ते म्हणाले. ‘मग टॅपच्या खाचांत ग्रीस भर, गच्च. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. दर दोन फेऱ्याला टॅप भाईर काढून पूस. चुरा ग्रीसलाच चिकटंल.’ थोडं थांबून पुढे, ‘आन् भोक तेलाच्या पातळीच्या वर पाड बाळा. खाली पाडशील तर तेल उतरायचंच न्हाई.’

टर्बोचं अण्णांनी कधी काही केलेलं नव्हतं. पण त्यांनी सांगितलं ते अगदी नेमकं होतं. बेअरिंगमधून बाहेर पडणारं तेल फेसाळलेलं असतं, त्याला मागून दाब नसतो; ते फक्त उतारावरून खाली येतं. नळी रुंद हवी, सतत उतरती हवी, मध्ये एकही चढ नको. तेल साठलं तर ते शाफ्टच्या सीलमधून धुराच्या बाजूला झिरपतं आणि निळा धूर निघतो. मग लोक टर्बो गेला म्हणून नवा घेतात आणि नवाही तसाच धूर सोडतो. भोक पाडून झाल्यावर मी ड्रेनचा नट उघडा ठेवून स्वस्तातलं तेल वरून ओतून चेंबर धुतला, मगच खरं तेल भरलं.

आपल्याकडे ट्रक-बसच्या ड्रायव्हरना सांगितलेलं असतं की टर्बोची गाडी लगेच बंद करायची नाही, थोडा वेळ आयडलवर ठेवायची. त्याचं कारणही उष्णताच. मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणारा शाफ्ट फिरत असताना तेल थांबलं, तर तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेलं तेल जळून कोळसा होतं. ट्रॅकवर शेवटची फेरी मी नेहमी हळू घेते, त्यामागे हेच आहे.

मियाटाच्या इंजिनाला उष्णतेची एक जन्मजात अडचण आहे. हे इंजिन मूळचं माझ्दा ३२३सारख्या, इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांसाठी बनवलेल्या घराण्यातलं. त्यात पाणी पुढून शिरतं आणि मागच्या टोकाने बाहेर पडतं. मियाटात इंजिन उभं फिरवल्यावर मागचं टोक ड्रायव्हरसमोरच्या भिंतीला टेकलं. म्हणून पाण्याची बाहेर पडायची वाट आणि थर्मोस्टॅट पुढे आणले, मागचं तोंड बंद केलं. आता पाणी पुढूनच येतं आणि पुढूनच जातं. मागे हीटरच्या नळीतून जाईल तेवढंच. चौथा सिलिंडर सगळ्यात तापलेला राहतो. ११६ हॉर्सपॉवरला हे खपून जातं. टर्बो लावल्यावर नॉकिंग पहिल्यांदा सुरू व्हायचं ते तिथेच: ठिणगीची ज्योत पोचण्याआधी कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. मी थर्मोस्टॅट परत मागे नेला आणि तिथून रेडिएटरपर्यंत नवी होज टाकली. बॉनेट उघडलं तर हे काम कुणाच्या नजरेतही भरत नाही, पण माझ्या मते टर्बोआधी करायचं काम हेच.

पेट्रोल आणि ठिणगीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मूळ गाडीत हवा मोजायला झडपेचा मीटर आहे. बूस्टखाली तो टोकाला जाऊन थांबतो. तो काढून मी मेगास्क्वर्ट बसवला. ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो यांनी हा कंप्युटर घरी सोल्डर करून जोडता यावा असा तयार केला, आणि माझ्यासारख्या हजारोंचं काम सोपं केलं. इंजेक्टर मोठे घातले. स्पार्क प्लगची फट कमी केली, कारण दाट हवेतून ठिणगी उडायला जास्त जोर लागतो. बूस्टखाली मिश्रण घट्ट ठेवलं: पेट्रोलच्या एका भागाला हवा साडेअकरा-बारा भाग, एरवीच्या १४.७ऐवजी. जास्तीचं पेट्रोल वाफ होताना सिलिंडर थंड करतं. ठिणगीची वेळ दर पौंडाला साधारण एक अंश मागे घेतली आणि तिथून पुढे लॉग वाचत, नॉकिंगचा आवाज ऐकत सुधारत गेले.

पाइप जोडून झाल्यावर गाडी सुरू करण्याआधी हवेची चाचणी घ्यावी. टर्बोच्या तोंडाला झाकण लावून कंप्रेसरने थोडा दाब द्यायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडे आले की क्लिप बदलायची. पाइपांच्या टोकाला मी उंचवट्याची कड काढली होती, होज घसरू नये म्हणून.

लेक मिशिगनच्या काठी साउथ हेवनजवळ जिंजरमॅन नावाचा ट्रॅक आहे. तिथे या सगळ्याचा खरा कस लागला. रस्त्यावर बूस्ट काही सेकंद येतो आणि जातो; ट्रॅकवर उष्णता फेरीमागून फेरी साठत जाते. पहिल्या सत्रानंतर बॉनेट उघडलं तेव्हा टर्बोजवळची ब्रेकची नळी हाताला सोसवेना. उष्णतेचा पत्रा मी आधीच दिला होता, पण पत्रा आणि नळी यांच्यात हवेची फट हवी होती; ती वाढवल्यावर फरक लगेच कळला. पाण्याचं आणि तेलाचं तापमान मात्र काट्यावर स्थिर राहिलं. डायनोवर चाकांची ताकद दीडशे हॉर्सपॉवरच्या आसपास भरली. हा आकडा सांगताना मला अभिमान वाटतो. पण काटा जागचा न हललेला पाहताना जो आनंद झाला, तो त्याहून मोठा होता. अण्णांना त्या काट्याचाच फोटो पाठवला. ‘नट परत आवळून बघ, गार झाल्यावर,’ एवढंच उत्तर आलं. बघितले. एकही हलला नव्हता.

पुण्याहून, कोल्हापुरातून भाचे मंडळी विचारतात, आत्या, आमच्या हॅचबॅकला असं करता येईल का? त्यांना मी सरळ नाही म्हणते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावून सांगितलं. शिकायचं असेल तर एक जुनं इंजिन स्टँडवर घ्या, ते पूर्ण खोला, मोजा, परत जोडा आणि सुरू करून दाखवा. माझ्या एका भाच्याने हे मनावर घेतलंय आणि तो आता दर रविवारी अण्णांच्या शॉपमध्ये बसतो.

सध्या गाडी जॅकवर आहे. १.६च्या मियाटात मागच्या डिफरन्शिअलचा क्राउन सहा इंची असतो, १९९४मध्ये १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा माझ्दाने तो सात इंची केला. वाढलेली ताकद सहा इंची क्राउनला ट्रॅकवर फार दिवस झेपत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तुटायची वाट न पाहता १९९४च्या गाडीचा डिफरन्शिअल ॲक्सलसकट आणून ठेवलाय. नवे सील आलेत, बॅकलॅश मोजायचा राहिलाय. बर्फ पडायच्या आत तो बसवायचा. मग चौथ्या सिलिंडरचा प्लग काढून नीट पाहायचा आणि बूस्ट सातावरून नऊवर न्यायचा की नाही ते ठरवायचं.